माळ एकीची, कंबर दुसरीची

जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलच्या मुख्य वेदीमागे सोन्याचा मुलामा दिलेलं भलंमोठं लाकडी मखर आहे. त्याच्या चौकटींमध्ये एका संत बाईच्या आयुष्यातले आणि हौतात्म्याचे प्रसंग दाखवले आहेत. ही अलेक्झांड्रियाची सेंट कॅथरिन. आख्यायिका अशी की, चौथ्या शतकातल्या या राजकन्येने सम्राटाच्या पंडितांना वादात हरवलं. चिडलेल्या सम्राटाने तिला खिळे ठोकलेल्या चाकावर घालायचा हुकूम सोडला, तर चाकच मोडून पडलं. मग तिचं डोकं उडवलं. ती खरोखर होऊन गेली का, याबद्दल इतिहासकारांना दाट शंका आहे. खुद्द रोमने १९६९मध्ये तिचा सण सार्वत्रिक पंचांगातून वगळला आणि २००२मध्ये परत घातला. गोव्याच्या वाट्याला ती आली तारखेमुळे. अफोन्सो द अल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा घेतला तो दिवस होता २५ नोव्हेंबर १५१०, कॅथरिनच्या सणाचा.

त्याच तारखेला, १६३८ साली, पोर्तुगालमधल्या व्हिला व्हिसोझा इथे ब्रागांझा घराण्यात मुलगी झाली. तिचंही नाव कॅथरिन. मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली ती हिच्या लग्नात. तिच्याकडे यायचंच आहे, पण आधी तिच्या नावाच्या इतर राण्यांची गाठ घेऊ. युरोपच्या राजघराण्यांत कॅथरिन हे नाव इतकं चाललं, की चित्रसंग्रहालयांतल्या जाणकारांचीही एका कॅथरिनची दुसरीशी गल्लत झाली.

या गल्लतीचा कळस म्हणजे इंग्लंडचा आठवा हेन्री. त्याने सहा लग्नं केली, त्यांतल्या तिघी कॅथरिन. पहिली ॲरागॉनची, स्पेनच्या इसाबेला आणि फर्डिनांड यांची मुलगी. १५०१मध्ये हेन्रीच्या थोरल्या भावाशी, आर्थरशी तिचं लग्न झालं. पाच महिन्यांत आर्थर वारला. त्यानंतर सात वर्षं ही मुलगी सासरी अडकून पडली. हुंड्याचा वाद मिटेना, सासरा पैसे सोडेना, बाप पैसे पाठवेना. मध्यंतरी बापाने तिला इंग्लंडच्या दरबारात स्पेनची वकील नेमलं. १५०९मध्ये हेन्रीने गादीवर येताच तिच्याशी लग्न केलं. पुढे १५१३मध्ये तो फ्रान्सच्या स्वारीवर गेला, तेव्हा कारभार तिच्या हाती होता. स्कॉटलंडचा राजा चालून आला आणि फ्लॉडनच्या लढाईत मारला गेला. कॅथरिनने त्या राजाचा रक्ताळलेला अंगरखा नवऱ्याला फ्रान्समध्ये धाडला.

लंडनमध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपांचा लॅम्बेथ पॅलेस आहे. तिथल्या खासगी बैठकीत कित्येक वर्षं एका बाईचं चित्र टांगलेलं होतं आणि ते हेन्रीची सहावी राणी कॅथरिन पारचं आहे, असं सगळे धरून चालले होते. नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीच्या तज्ज्ञांनी ते नीट न्याहाळलं, तेव्हा पेहराव पारच्या काळाच्या बराच आधीचा निघाला. चौकटीची घडणही हेन्रीच्या एका जुन्या चित्राच्या चौकटीशी जुळली. बाई ॲरागॉनची निघाली. २०१३च्या सुरुवातीला गॅलरीने तिला हेन्रीच्या त्या चित्राशेजारी टांगलं. ज्या नवऱ्याने तिला टाकण्यासाठी पोपशी संबंध तोडला, त्याच्याच शेजारी! तिला विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती, असं मला वाटतं. मरेपर्यंत तिने स्वतःला त्याची कायदेशीर बायको म्हणवणं सोडलं नव्हतं.

पारची कथा याच्या उलट बाजूची. १५४५च्या सुमाराचं तिचं पूर्णाकृती चित्र नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. हे चित्र बराच काळ लेडी जेन ग्रेच्या नावावर होतं. जेन म्हणजे नऊ दिवसांची राणी, सतराव्या वर्षाच्या आसपास वधस्तंभावर गेलेली. अशा दुर्दैवी मुलीचा चेहरा लोकांना हवा असतो, त्यामुळे नाव चिकटलं ते चिकटलं. १९९०च्या दशकात ते सुटलं ते दागिन्यांमुळे. बाईच्या छातीवर मुकुटाच्या आकाराचं एक पदक आहे आणि कॅथरिन पारच्या जडजवाहिराच्या यादीत तसंच पदक नोंदलेलं आहे. आता चित्रात जरा खाली पाहा. कमरेवरून कोरीव मण्यांची एक माळ लोंबते आहे. हे मणी बहुधा हेन्रीच्या पाचव्या राणीचे, म्हणजे कॅथरिन हॉवर्डचे. व्यभिचाराच्या आरोपावरून फेब्रुवारी १५४२मध्ये तिचा शिरच्छेद झाला. दागिने राजाच्या खजिन्यात जमा झाले आणि तिथून नव्या राणीच्या अंगावर आले. चित्रकाराने एकेक मणी निगुतीने रंगवला आहे. ती माळ कमरेला बांधताना पारच्या मनात काय आलं असेल, ते तिने कुठे लिहून ठेवलेलं नाही. लिहिणारी मात्र ती होती. प्रार्थनांचं तिचं पुस्तक १५४५मध्ये निघालं आणि स्वतःच्या नावाने इंग्रजीत पुस्तक छापणारी ती इंग्लंडमधली पहिली स्त्री मानली जाते.

हॉवर्डचं एकही चित्र खात्रीने तिचंच म्हणता येत नाही. जी काही आहेत त्यांची ओळखही पुन्हा दागिन्यांवरून बांधलेल्या अंदाजांवरच उभी आहे.

या तिघींना चित्रकारासमोर बसवणारे दुसरेच होते. फ्रान्सच्या कॅथरिन द मेडिचीकडे आलं की हिशेब बदलतो.

ती फ्लॉरेन्सची, १५१९ची. जन्मानंतर काही आठवड्यांतच आई-बाप दोघे गेले. चौदाव्या वर्षी फ्रान्सच्या राजपुत्राशी लग्न झालं. दहा वर्षं मूल नाही, आणि नवऱ्याचं मन त्याच्याहून जवळपास वीस वर्षांनी मोठ्या दियान द प्वातिएवर जडलेलं. पुढे मुलं झाली ती एकूण दहा. राजघराण्याच्या रिवाजाप्रमाणे मुलं आईपासून दूर दाईकडे वाढायची. ही आई मुलांच्या चित्रांसाठी तगादे लावायची. रंगीत चित्राला वेळ लागतो, तेव्हा खडूने काढलेलंही चालेल, पण लवकर पाठवा, असं तिचं सांगणं असे. त्या काळी निरोप यायला आठवडे लागत, तेव्हा मूल अंगाने भरलंय की वाळलंय, हे तिला त्या कागदावरून समजायचं. चित्रकार क्लुए पितापुत्रांनी आणि त्यांच्या हाताखालच्यांनी काढलेली अशी शेकडो खडूचित्रं तिने जमवली. त्यांतला मोठा भाग आज पॅरिसजवळच्या शांतिई इथल्या संग्रहालयात आहे. राजकारणी बाई म्हणून तिचं नाव बदनाम असलं, तरी युरोपातला हा चेहऱ्यांचा साठा मुळात एका आईच्या काळजीतून सुरू झाला.

१५५९मध्ये राजा झालेला तिचा नवरा भाल्यांच्या खेळात जखमी होऊन मेला. फ्रान्सच्या विधवा राण्या शोकात पांढरं नेसत. कॅथरिनने काळं घातलं आणि पुढची तीस वर्षं ते सोडलं नाही. मोडलेला भाला तिने आपलं चिन्ह केलं. दियानकडून शनाँसोचा सुंदर वाडा परत घेतला आणि त्या बदल्यात शोमाँचा वाडा दिला. तिची तीन मुलं एकामागून एक राजे झाली आणि काळ्या पोशाखातली ही बाई त्यांच्यामागे उभी राहून कारभार हाकत राहिली. विधवेचं दुःख हा तिचा अधिकाराचा दाखला होता आणि क्लुएच्या चित्रशाळेतल्या चित्रांत तो हवा तसा उतरला आहे: काळी टोपी, काळा झगा, त्यातून उठून दिसणारा फिकट, भरलेला चेहरा. एवढी हुशारी मात्र अंगाशीही आली. ऑगस्ट १५७२मध्ये पॅरिसमध्ये प्रोटेस्टंटांची कत्तल झाली. प्रोटेस्टंट चित्रकार फ्रान्स्वा द्युब्वाने त्या कत्तलीचं चित्र रंगवलं, ते स्वित्झर्लंडमधल्या लोझानला आहे. चित्रभर माणसं कापली जात आहेत. दूर मागे, लुव्रच्या दाराशी, नागव्या प्रेतांच्या ढिगाजवळ बोटाएवढी एक काळी आकृती उभी आहे. चेहरा दिसावा लागत नाही. काळ्या झग्यावरून कोणीही ओळखावं, ही सोय तिनेच करून ठेवली होती.

रशियाच्या दोन येकातेरिनांची, म्हणजे तिथल्या कॅथरिनांची, मौज अशी की, दोघींचंही हे जन्मनाव नव्हतं. पहिली मार्ता, बाल्टिककडची गरीब मोलकरीण. ती पीटर द ग्रेटची राणी झाली, त्याच्यामागे १७२५ ते १७२७ गादीवरही बसली. दुसरी सोफी, एका छोट्या जर्मन संस्थानाची मुलगी. १७४४मध्ये रशियन चर्चचा धर्म घेताना तिला त्या पहिलीचंच नाव मिळालं. १७६२मध्ये नवऱ्याला पदच्युत करून ती सम्राज्ञी झाली आणि चित्रकार म्हणजे आपलं प्रचारखातं, हे तिने पुरतं ओळखलं. चित्रकार एरिक्सेनने तिला गार्ड पलटणीच्या गणवेशात, हातात तलवार घेऊन, पुरुषासारखी घोड्यावर बसलेली रंगवलं. उठावाच्या दिवशी ती खरोखर अशीच निघाली होती. स्वीडिश चित्रकार रोस्लिनने मात्र तिला जशी दिसली तशी काढली, तर बाई वैतागल्या. आपण या चित्रात एखाद्या स्वीडिश स्वयंपाकिणीसारख्या दिसतो, अशी त्यांची तक्रार. पुढे रोकोतोव्हने रोस्लिनचाच डौल घेऊन चेहरा तेवढा सौम्य केला, तेव्हा कुठे समाधान झालं. शेवटच्या वर्षांतलं बोरोविकोव्हस्कीचं चित्र त्सार्स्कोये सेलोच्या बागेत कुत्रं घेऊन फिरणाऱ्या एका साध्या आजीबाईचं आहे. त्यासाठी ती बसलीच नाही. तिचे कपडे घालून तिची दासी पेरेकुसिखिना उभी राहिली.

आणि आता ब्रागांझाची कॅथरिन.

पोर्तुगाल १६४०मध्ये स्पेनच्या अमलातून सुटला, पण स्पेन ते मानायला तयार नव्हतं. पाठीशी आरमार असलेला जावई हवा होता. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला पैसे हवे होते. जून १६६१मध्ये करार झाला: वीस लाख क्रुझादो, आफ्रिकेतलं टँजियर, मुंबई आणि व्यापाराच्या सवलती. रकमेचा बराचसा भाग पुढे रोखीऐवजी साखरेसारख्या मालाच्या रूपात आला आणि त्यावर लंडनमध्ये कुरबुरी झाल्या. मुंबई नेमकी आहे कुठे, याचाही पत्ता नव्हता. चार्ल्सचा प्रधान क्लॅरेंडन याच्या लिखाणात ती ब्राझीलजवळ जाऊन बसली आहे.

लग्नाआधी लिस्बनमध्ये डच चित्रकार डर्क स्टूपने तिचं चित्र काढलं. त्याची प्रत नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. दोन्ही बाजूंना पसरट फुगवलेला इबेरियन घागरा, कपाळावरून एका बाजूला झुकवलेली केसांची विचित्र झुलपं. मे १६६२मध्ये ती पोर्ट्समथला उतरली, तेव्हा असा घागरा आणि अशी केशरचना पाहून इंग्रजांनी मनसोक्त टिंगल केली. रोजनिशीकार जॉन एव्हलिनलाही ते सगळं विलक्षण वाटलं. सुंदर नसेल, पण मला हे चित्र सगळ्यांत जवळचं वाटतं. त्यात ती अजून स्वतःच्या कपड्यांत, माहेरच्या रीतीने उभी आहे. थोड्याच दिवसांत तिने इंग्रजी पेहराव चढवला. मग हाउसमन्स या कॅथलिक फ्लेमिश चित्रकाराने तिला मेंढपाळणीच्या वेषात काढलं, कोकरासकट.

यादरम्यान काय घडलं ते चित्रांत नाही. राजाने आपली ठेवलेली बाई, लेडी कॅसलमेन, हिचं नाव राणीच्या खास दासींच्या यादीत घातलं. कॅथरिनने ते खोडलं. तरीही हॅम्पटन कोर्टमध्ये भर दरबारात त्या बाईला पुढे आणलं गेलं, तेव्हा राणीच्या नाकाचा घोळणा फुटला आणि ती बेशुद्ध पडली. तिच्या पोर्तुगीज मैत्रिणींना परत पाठवण्यात आलं. शेवटी तिने नमतं घेतलं. पुढे राणीच्या संताला मान म्हणून दरबारी बायका सेंट कॅथरिनच्या वेषात चित्रं काढून घेऊ लागल्या, त्यात लेडी कॅसलमेनही मागे राहिली नाही. चित्रकार लेलीने सवतीलाच राणीच्या संताचं रूप दिलं. यापेक्षा झोंबरं काही चार्ल्सच्या दरबारातल्या नाटककारांनाही सुचलं नसतं.

इकडे तिच्या आंदणाचे वेगळेच हाल चालले होते. सप्टेंबर १६६२मध्ये इंग्रज जहाजं मुंबईला आली. पोर्तुगीजांनी कागदपत्रांत खोट काढून ताबा नाकारला. सर अब्राहम शिपमनला सुमारे चारशे सैनिकांसह कारवारसमोरच्या अंजदीव बेटावर तळ टाकावा लागला. हे बेट आज गोव्यात मोडतं. तिथे तापाने आणि उपासमारीने माणसं पटापट मेली, १६६४मध्ये शिपमनही गेला. १८ फेब्रुवारी १६६५ला त्याचा सचिव हंफ्री कुक याने मुंबईचा ताबा घेतला, तो दोना इनेश द मिरांदा या बाईच्या मोठ्या घरात. तेव्हा हाताखाली शंभराच्या आसपास माणसं उरली होती. गोव्याचा व्हाइसरॉय अंतोनियो द मेलो इ कास्त्रो याने जड मनाने सही केली. इंग्रज मुंबईत पाय रोवतील त्या दिवशी हिंदुस्थान आपल्या हातून गेला, अशा आशयाचं पत्र त्याने आपल्या राजाला लिहिलं होतं. आंदणात सातही बेटं मिळाली, हा आपल्याकडचा समज खरा नाही. पोर्तुगीज फक्त मुंबईचं बेट द्यायला तयार होते. माहीम कुकने दांडगाईने घेतलं, कुलाबा दहा वर्षांनी आलं. साष्टी आणि वसई पोर्तुगीजांकडेच राहिली. त्यांना तिथून हुसकावलं ते मराठ्यांनी, १७३७ ते १७३९च्या मोहिमेत. चार्ल्सला मुंबईचा खर्च झेपेना, म्हणून १६६८मध्ये त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली.

कॅथरिनला मूल झालं नाही. १६७८मध्ये, राजाला विष द्यायचा तिचा कट आहे, अशी आवई टायटस ओट्सने उठवली. आयुष्यभर तिला दुखावलेला नवरा तेव्हा मात्र तिच्या बाजूने ठाम राहिला. तो गेल्यावर १६९२मध्ये ती माहेरी परतायला निघाली. भाऊ आजारी पडला, तेव्हा तिने पोर्तुगालचा कारभार हाती घेतला आणि स्पेनशी चाललेल्या युद्धात तो चांगला निभावला. इंग्लंडमध्ये ओशाळवाणी ठरलेली राणी पासष्टीनंतर राज्य चालवत होती. ३१ डिसेंबर १७०५ला तिने लिस्बनमध्ये शेवटचा श्वास घेतला. चित्रांच्या पुस्तकांत मात्र हटकून स्टूपचा घागरा आणि हाउसमन्सचं कोकरूच छापलं जातं.

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागाला तिच्यावरून नाव पडलं, असं मानतात. १९९०च्या दशकात तिथे नदीकाठी तिचा प्रचंड ब्राँझ पुतळा उभारायचं ठरलं. शिल्पकार होती ऑड्री फ्लॅक. पण पोर्तुगीज राजघराण्याचा पैसा गुलामांच्या व्यापारातला, असा आक्षेप घेत लोक रस्त्यावर आले आणि बेत बारगळला. त्याच पुतळ्याची लहान आवृत्ती आता लिस्बनमध्ये तेजो नदीच्या काठी उभी आहे.