ठोकलेली गाडी : नीट करायची का मोडीत काढायची?

उसाचा हंगाम सुरू झाला, की भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी हा बारामती-इंदापूर रस्ता रात्रंदिवस ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी भरून जातो. मागं ना दिवा, ना लाल पट्टी. अशी ट्रॉली अंधारात पुढं आली, की जीप तिच्यात शिरते. माणसं वाचली, तर दुसऱ्या दिवशी घरात वाद एकच : गाडी नीट करायची का देऊन टाकायची?

गॅरेजवाला बॉनेट बघून आकडा सांगतो. त्यावर विसंबू नये, गाडी खोलली की आकडा वाढतो. पत्रा, दिवे, रेडिएटर नवे घालता येतात. निकाल लागतो तो चासीवर. ती पिळली आहे का, हे नुसत्या नजरेला दिसत नाही. समोरासमोरचे कोपरे तिरके मोजून दोन्ही मापं जुळतात का, ते आपल्यासमोर पाहून घ्यावं. नुसतं वेल्डिंग मारून दिलेली गाडी एका बाजूला ओढते, टायर खाते. दहा वर्षांची गाडी असेल आणि चासी गेली असेल, तर आमच्या मते जीव अडकवू नये. मग ती पहिल्या ऊसबिलातून घेतलेली का असेना.

विमा नुसता थर्ड पार्टी असेल, तर त्यातून आपल्या गाडीची दमडीही मिळत नाही. फुल विमा असेल, तर पॉलिसीवरचा 'आयडीव्ही' पाहा. दुरुस्तीचा खर्च त्याच्या ७५ टक्क्यांवर गेला, की गाडी पूर्ण नुकसानीत धरतात. आयडीव्ही ४ लाख, तर रेघ ३ लाखांवर. त्याखालचं बिलही सगळं मिळेल असं नाही. जादा हप्त्याचं 'झिरो डेप' संरक्षण नसेल, तर पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या लोखंडी भागांवर ४० टक्के, प्लास्टिक, रबर, बॅटरीवर ५० टक्के घसारा कापतात. काच तेवढी सुटते. म्हणजे अडीच लाखांच्या बिलात लाखाच्या आसपास घरचे जाऊ शकतात. सर्व्हेअर येण्याआधी मात्र गाडी खोलू देऊ नये. आणि पूर्ण नुकसानीच्या पैशातून आधी बँकेचं कर्ज वळतं होतं, हेही धरून चालावं.

मोडीत काढायचं ठरलं, तर परस्पर भंगारवाल्याला देऊ नका. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५५ प्रमाणे कायमची निकामी झालेली गाडी १४ दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायची असते; एमएच ४२ ची असेल तर बारामतीला. नोंद रद्द केली नाही, तर तोच नंबर उद्या दुसऱ्याच गाडीवर फिरतो आणि पोलीस पत्ता शोधत येतात ते आपल्या दारात.