पेढीवरचा कॉम्प्युटर : लहान, गार आणि बिनआवाजी

मालेगावच्या माणसाने शांततेची गोष्ट करावी म्हणजे हसण्यासारखेच आहे. पहाटेपासून रात्रीपर्यंत पॉवरलूमची खडखड ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो. शाळेत उस्ताद काय शिकवत ते निम्मे कानांनी आणि निम्मे त्यांच्या ओठांकडे पाहून समजून घेतले. तरीही आज शांत चालणाऱ्या कॉम्प्युटरविषयी लिहायला बसलो आहोत, कारण एका पंख्याच्या आवाजाने आमचे सहा हजार रुपये गेले.

गोष्ट २०२३ च्या मे महिन्यातली. पेढीवरचा कॉम्प्युटर चार वर्षांचा होता, दुकानदाराने सांगितला तसा जुळवून घेतलेला. काही आठवड्यांपासून तो घोंघावत होता. आवाज भिंतीपलीकडच्या मागांचा आहे असे समजून आम्ही खिडकी लावून घेतली. त्याच दिवसांत दलालाचा फोन आला. ग्रे कापडाचा भाव तो म्हणाला साडेबावीस, आम्हाला ऐकू आले साडेतेवीस. आम्ही 'ठीक आहे' म्हटले. सहा हजार मीटरचा सौदा होता. बिल बनवताना चूक कळली, पण शब्द दिला तो दिला.

त्यानंतर १८ तारखेला, गुरुवारी संध्याकाळी, तोच कॉम्प्युटर आपोआप बंद पडला. दुसऱ्या दिवशी शुक्रवारची सुट्टी आणि शनिवारी २० तारीख, म्हणजे जीएसटीचे ३बी भरण्याचा शेवटचा दिवस. बिले सगळी त्याच पेटीत. कारागीर मिळून काम होईपर्यंत २३ तारीख उजाडली. लेट फी दिवसाला ५० प्रमाणे १५० रुपये, त्याचे काही नाही. पण चार वर्षांचा हिशेब गेला की राहिला या काळजीत पाच रात्री काढल्या, त्याची किंमत कशी सांगावी! पेटी उघडली तेव्हा आत काहीही जळालेले नव्हते. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली कापसाच्या तंतूंची गादी बसली होती, अगदी पिंजाऱ्याने घालून दिल्यासारखी. यंत्र बिघडले नव्हते, त्याचा श्वास कोंडला होता.

नवा कॉम्प्युटर घ्यायचे ठरले. आमचा पुतण्या या कामात हुशार आहे. त्याने पहिल्याच दिवशी मोबाइलवर काचेच्या कॅबिनेटचे चित्र दाखवले. "बडे अब्बा, बघा किती छोटं आहे, गल्ल्याशेजारी मावेल."

आम्ही म्हटले, "बेटा, गिऱ्हाईक आल्यावर आपण आधी कापड दाखवतो की आधी पिशवी?"

इथेच बहुतेकांची चूक होते. लोक आधी पेटी पसंत करतात, मग तिच्यात सामान कोंबतात. लहान, शांत आणि गार या तीन गोष्टी एकमेकींना ओढतात. पेटी लहान केली तर हवेला जागा उरत नाही. हवा कमी पडली तर पंखा जोरात फिरतो, आणि पंखा जोरात फिरला की शांतता गेली. म्हणून सुरुवात कामापासून करावी. काम किती, त्यासाठी उष्णता किती निघेल, ती बाहेर काढायला पंखा केवढा, आणि सर्वांत शेवटी पेटी कोणती.

(बाजारात सगळ्या पेटीलाच 'सीपीयू' म्हणतात. खरा सीपीयू म्हणजे आतली काडेपेटीपेक्षाही पातळ चकती, तोच प्रोसेसर. खरेदीला जाताना हा फरक ध्यानात ठेवावा, नाहीतर भाव एकाचा आणि माल दुसऱ्याचा असे होते.)

आमचे काम काय? टॅली, बिले, ई-वे बिल, रिटर्न, बँकेचे व्यवहार, आणि साडीच्या पदराची व किनारीची डिझाइने रंगवून पाहणे. यासाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. ताकदीचे कार्ड एकटेच १५० ते ३०० वॉट खाते, आणि खाल्लेल्या विजेची शेवटी उष्णताच होते. पेटीतला सर्वांत मोठा तवा तोच. तो काढून टाकला की निम्मी लढाई जिंकली. चित्र दाखवण्याची सोय ज्या प्रोसेसरच्या आतच आहे असा घ्यावा. आम्ही एएमडीचा रायझन ५ ५६००जी घेतला. तो २०२१ मध्ये आला. त्यानंतर २०२४ मध्ये ८६००जी आला. इंटेलमध्ये आय५ १२४०० सारखे पर्याय आहेत, मात्र नंबरापुढे 'एफ' अक्षर असेल तर त्यात चित्राची सोय नसते. स्वस्त म्हणून एफ उचलून आणला आणि पडदा काळाच राहिला, असे आमच्या ओळखीत घडले आहे.

या प्रोसेसरांवर ६५ वॉट लिहिलेले असते. ती पक्की मर्यादा समजू नये. जोराच्या कामात १२४०० हा ११७ वॉटपर्यंत जाऊ शकतो, आणि एएमडीचे ६५ वॉटवाले साधारण ८८ पर्यंत. बायोसमध्ये ही मर्यादा खाली आणता येते. ५६००जी तर ४५ वॉटवरही चालवता येतो. बिले काढताना आणि टॅलीवर त्याने काहीच फरक पडत नाही, डिझाइनला थोडा वेळ जास्त लागतो. तेवढ्यात चहा होतो.

आता पंख्याकडे येऊ. पुतण्याने 'कूलर घ्यायचा' म्हटल्याबरोबर आमचे मुनीमजी खिडकीतल्या वाळ्याच्या कूलरकडे बघू लागले! कॉम्प्युटरचा कूलर म्हणजे प्रोसेसरवर बसणारा धातूचा ठोकळा आणि त्याचा पंखा. चांगल्या कूलरमध्ये तांब्याच्या बंद नळ्या असतात. त्यांच्यातले थेंबभर पाणी प्रोसेसरजवळ वाफ होते, वर जाऊन ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांमध्ये उष्णता सोडते आणि पुन्हा पाणी होऊन खाली येते. पंख्याचे काम फक्त पात्यांमधली गरम हवा ढकलण्याचे.

पंख्याचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. फेरे निम्मे केले की वाराही निम्मा होतो, पण आवाज मात्र सुमारे १५ डेसिबलने उतरतो. १० डेसिबल उतरले तरी कानाला आवाज अर्धा झाल्यासारखा वाटतो. म्हणून लहान पंखा वेगाने पळवण्यापेक्षा मोठा पंखा सावकाश फिरवणे नेहमी परवडते. प्रोसेसरबरोबर फुकट मिळणारा बुटका पंखा उन्हाळ्यात शिट्टी मारतो. १२० मिलिमीटरचा पंखा मिनिटाला ७००–८०० फेऱ्यांवर तेच काम गुपचूप करतो. पंखा चार तारांचा घ्यावा, म्हणजे त्याचा वेग बोर्डाला नीट सांभाळता येतो.

पण १२० मिलिमीटरच्या पंख्याचा उभा कूलर १५५ ते १६० मिलिमीटर उंच असतो, आणि पेटीची रुंदी इथेच ठरते. पुतण्याला हवी असलेली दहा लिटरची पेटी जेमतेम ५०–७० मिलिमीटर उंचीचा आडवा कूलर घेते. थंड देशात तो पुरतो. आपल्याकडे?

हा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हवेवर चालणारा कोणताही कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा गार करू शकत नाही. तो फक्त खोलीपेक्षा अमुक इतके अंश वर ठेवतो. समजा एखादा आडवा कूलर ४५ अंशांचा फरक राखतो. २१ अंशांच्या खोलीत तपासणाऱ्याला तो ६६ दाखवील आणि तो खुशीने शाबासकी देईल. आमच्या पत्र्याखालच्या पेढीत मे महिन्यात ४० अंश असतात. तिथे तोच कूलर ८५ दाखवील. ५६००जी ची हद्द ९५ अंशांची आहे, तिथे पोहोचला की तो स्वतःच मंद होतो. मधल्या दहा अंशांत धूळ बसायची, पेस्ट वाळायची, पंखा म्हातारा व्हायचा. एवढ्या कमी मार्जिनवर आम्ही कापडाचा सौदा करत नाही, कॉम्प्युटरचा का करावा? तपासणीचे आकडे वाचताना खोलीचे तापमान आधी पाहावे आणि आपल्या गावचा फरक त्यात मिळवावा. पाण्यावर चालणारे कूलरही मिळतात. पण ६५ वॉटसाठी पंप आणि नळ्यांची भानगड कशाला? पंप बंद पडला की सगळेच बंद. पंखा बंद पडला तर गल्लीतून नवा आणता येतो.

पेटीच्या मापाबाबत आम्ही मधला मार्ग घेतला. सर्वांत लहान प्रचलित बोर्ड मिनी-आयटीएक्स, १७० मिलिमीटर चौरस. तैवानच्या व्हीआयए कंपनीने तो २००१ मध्ये आणला. त्याच्यापेक्षा मोठा मायक्रो-एटीएक्स, २४४ चौरस. लहान बोर्ड महाग पडतो आणि बिघडला तर आपल्या गावात लगेच दुसरा मिळेल याची खात्री नाही. मायक्रो-एटीएक्स कुठेही मिळतो. आमची पेटी २५ लिटरची झाली, पाण्याच्या जारपेक्षा थोडी जास्त. टेबलाच्या कोपऱ्यावर बसते. कागदावर कूलरची उंची, पेटीतली जागा आणि एसएमपीएसची लांबी मिलिमीटरमध्ये लिहूनच पुतण्याला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला पाठवले. फणीचे माप न घेता कोणी सूत आणतो का?

आता जाळीची गोष्ट, जिच्यात आम्ही दुकानदारालाही दोन गोष्टी शिकवल्या. पेटीच्या तोंडावरची जाळी म्हणजे आपल्या धंद्याचेच कापड. ती कॅनव्हाससारखी दाट घेतली तर तंतू अडेल, पण हवाही अडेल आणि पंखा पुन्हा ओरडेल. अगदी विरळ घेतली तर रुई आत. मलमलीसारखे, गुळगुळीत नायलॉनच्या धाग्याचे विणकाम बरे. सुती कापड कधीही लावू नये, त्याचा केसाळ धागा रुई धरून ठेवतो. दुसरी गोष्ट, आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा जास्त ठेवावी. आम्ही पुढे जाळीमागे दोन पंखे आत फुंकणारे लावले आणि मागे एकच, तोही संथ, बाहेर फेकणारा. मग पेटीच्या फटींमधून हवा बाहेर पडते आणि फटींतून धूळ आत ओढली जात नाही. पेटी जमिनीवर ठेवू नये, रुई तिथेच लोळते. वाळ्याच्या कूलरच्या झोतातही नको, ओलसर रुई चिकटून बसते.

शुक्रवारी कारखाने बंद असतात तेव्हा मुनीमजी जाळी काढून धुतात आणि पूर्ण वाळवून लावतात. सहा महिन्यांतून एकदा पेटी अंगणात नेऊन ब्लोअर मारतो. वायर आधी काढायची, आणि ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवायचे, नाहीतर वाऱ्याने भन्नाट फिरून त्याची बेअरिंग खराब होते.

बाकीचे थोडक्यात. एसएमपीएस बेनावाचा घेऊ नये. गोल्ड दर्जाचा, साधारण ४५० वॉटचा पुरे. अर्ध्या भारावर तो सुमारे ९० टक्के वीज कामाला लावतो, त्यामुळे स्वतः कमी तापतो. पेटीत फिरणारी हार्ड डिस्क ठेवूच नये, एसएसडी लावावी, तिच्यात हलणारे काही नसते. हार्ड डिस्क बाहेरची वेगळी घ्यावी. दर गुरुवारी संध्याकाळी तिच्यावर हिशेबाची नक्कल घेऊन ती आम्ही घरी नेतो. एकदा पोळले, आता ताक फुंकून पितो. रॅमचा भाव मात्र सुताच्या भावासारखा पाहत राहावा. २०२५ च्या अखेरच्या महिन्यांत तो असा उसळला की थांबलेल्यांना पस्तावा झाला. सामान जीएसटी नंबर टाकून पक्क्या बिलावर घ्यावे, १८ टक्क्यांची क्रेडिट सोडू नये, आणि प्रोसेसर सीलबंद डब्यातलाच घ्यावा. डब्यातल्याला तीन वर्षांची वॉरंटी असते.

शेवटची जुळवणी बायोसमध्ये. ६० अंशांपर्यंत पंखे एकाच संथ चालीवर ठेवले, पुढे हळूहळू चढ दिला आणि वेग बदलायला काही सेकंदांचा उशीर ठेवला. एकसारखा आवाज कान विसरतो, चढउताराचा आवाज डोके उठवतो. मे २०२४ मध्ये पेढीत ३९ अंश असताना रोजच्या कामात प्रोसेसर ६० च्या आसपास होता, आणि पदराचे मोठे चित्र तयार होतानाही ८० च्या आत राहिला.

एकच तक्रार उरली होती. मशीन चालू आहे की बंद हे मुनीमजींना ऐकून कळेना. सकाळी येऊन ते बटण दाबत आणि चालू असलेले मशीन बंद करून बसत. शेवटी पुतण्याने विंडोजच्या सेटिंगमध्ये बटण दाबल्यावर काहीच होणार नाही असे करून दिले, आणि मुनीमजींना बटणावरचा निळा दिवा दाखवला.