पाण्यातली पावडर आणि आडातला गाळ

आमच्या गावच्या आडात पावडर टाकली, की दोन दिवस कुणी पाणी भरीत नसे. "दवाखान्याचा वास येतो मास्तर," असं बायाबापड्या म्हणत. हल्ली दुसरीच कुजबुज आमच्या कानावर येते. त्या पावडरीनं म्हणे कॅन्सर होतो! यात खरं किती, ते पाहू.

ही ब्लीचिंग पावडर. तिलाच टी.सी.एल. म्हणतात. तिच्यातला क्लोरीन पटकी, हगवण, विषमज्वर यांचे जंतू मारतो. पण पाण्यात कुजलेली पानं असली, शेवाळ असलं, तर क्लोरीनचा त्यांच्याशीही संयोग होतो. त्यातून नवे पदार्थ तयार होतात. त्यांतला एक क्लोरोफॉर्म. पूर्वी डॉक्टर रोग्याला भूल देत, तेच हे औषध! हॉलंड देशातल्या रॉटरडॅम शहराच्या पाण्यात ते सापडलं. रूक नावाच्या रसायनतज्ज्ञाने १९७४ साली ही गोष्ट जगापुढे मांडली.

असले पदार्थ जास्त प्रमाणात वर्षानुवर्षं पोटात गेले, तर मूत्राशयाच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढत असावा, असा तज्ज्ञांना संशय आहे.

मग पावडर बंद करायची का? मुळीच नाही! पटकीने धडधाकट माणूस एका दिवसात दगावतो. जंतू न मारलेल्या पाण्याचा धोका कितीतरी मोठा, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

काढायचा आहे तो गाळ. २०१६ साली मांजरा धरण आटलं, तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पाणी असं तळाला गेलं, की गढूळ होतं. नांदेडकडे पहिल्या पुराला गोदावरीही गढूळ येते. गढूळ पाणी क्लोरीन खाऊन टाकतं. मग आपण मूठभर पावडर जास्त टाकतो आणि ते नको असलेले पदार्थ वाढतात. म्हणून नळयोजनेत आधी तुरटी देतात, गाळ खाली बसवतात, पाणी वाळूतून गाळतात. क्लोरीन मागाहून. घरीही पाणी दुहेरी फडक्याने गाळावं, निवळू द्यावं, वरचं नितळ पाणी घेऊन मग औषधाचे थेंब टाकावेत.

आणि पावडर मापानेच टाकायची. अर्ध्या तासाने लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असला पाहिजे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नळीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकतो. पाणी पिवळं झालं, की क्लोरीन आहे असं समजावं. एकदा समोर उभं राहून पाहाच.

आमचा आड उपसला, तेव्हा गाडीभर गाळ निघाला. त्यात पिंपळाची पानं होती, नुसत्या जाळ्या उरलेली. आता आडावर लोखंडी जाळी बसवली आहे. पावडर पूर्वीपेक्षा कमी लागते, आणि वासाची तक्रारही कुणी करीत नाही.