क्लबाला टाळे, गवताला नाही

आम्ही कापडवाले. दुकान बंद झाले तरी ठाण फळीवर पडून राहते, चारा मागत नाही. गोल्फ क्लबाचे तसे नाही. करोनामुळे इंग्लंडमध्ये २३ मार्च २०२० ला खेळ थांबला, तो १३ मेपर्यंत. ५ नोव्हेंबरपासून पुन्हा चार आठवडे टाळे. गवत मात्र वाढतच होते, तेव्हा कापणारे माळी ठेवावेच लागले. घरी बसवलेल्या नोकरांच्या पगाराचा ८० टक्क्यांपर्यंत भार सरकारने उचलला. बार-जेवणाचा गल्ला रिकामा. उरली वार्षिक वर्गणी. खेळ नाही तर पैसे परत, ही मागणी रास्तच. पण सभासदांच्या क्लबाला दुसरा शेठ नसतो. मागणारा तोच, देणाराही तोच! आमच्या मते रोख परतीपेक्षा पुढल्या वर्गणीत सूट बरी, तीही हिशेबाची वही सभासदांपुढे उघडी ठेवून.