विश्लेषण : प्रोटॉनचा झोत ‘खरवडतात’ तो कशासाठी?

जीनिव्हाजवळच्या ‘सर्न’ प्रयोगशाळेतील लार्ज हेड्रॉन कोलायडर (एलएचसी) हा २७ किलोमीटर परिघाचा कण त्वरक आहे. त्यात प्रोटॉनचा झोत सोडण्यापूर्वी आधीच्या टप्प्यावर झोताच्या कडा खरवडून काढतात. हे काम कोणत्या पद्धतीने करावे, हा निर्णय वाटतो तितका सोपा नाही.

झोताला कडा कुठून येतात?

झोत म्हणजे प्रोटॉनांचे धावते गठ्ठे. बहुतेक प्रोटॉन मध्याजवळ राहतात. मात्र त्यांच्यातील परस्पर अपकर्षण आणि चुंबकीय क्षेत्रातील बारीक त्रुटी यांमुळे काही बाहेर भरकटतात. मध्याभोवतीच्या या विरळ वलयाला शास्त्रज्ञ ‘हेलो’ म्हणतात. प्रयोगांना त्याचा फारसा उपयोग नसतो, धोका मात्र असतो.

धोका नेमका कोणता?

एलएचसीचे मुख्य अतिवाहक चुंबक १.९ केल्विन, म्हणजे सुमारे उणे २७१ अंश सेल्सिअस तापमानावर चालतात. भरकटलेल्या मोजक्या प्रोटॉनांची उष्णताही त्यांची अतिवाहकता घालवू शकते. ते टाळण्यासाठी झोताची गळती मोजणारी उपकरणे जागोजागी बसवलेली आहेत. गळती मर्यादेपलीकडे गेली की ती झोत आपोआप बाहेर काढायला लावतात. मग भरणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते आणि प्रयोगांचा वेळ वाया जातो.

झोतात ऊर्जा किती असते, याचा धडा सर्नला २००४ मध्ये मिळाला. एलएचसीकडे जाणाऱ्या मार्गाच्या चाचणीत झोताला वळवणारा एक चुंबक ऐनवेळी बंद पडला. सुमारे २.५ मेगाज्यूल ऊर्जेचा झोत भरकटला आणि त्याने पुढच्या चुंबकातील निर्वात नळी चिरली. एवढ्या उष्णतेत अंदाजे ४ किलो तांबे वितळू शकते.

खरवडतात कुठे आणि कसे?

एलएचसीला झोत पुरवतो तो १९७६ मध्ये सुरू झालेला, सुमारे ७ किलोमीटर परिघाचा ‘सुपर प्रोटॉन सिंक्रोट्रॉन’ (एसपीएस). तिथे झोताची ऊर्जा ४५० गिगा इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत वाढवली जाते. खरवडण्याचे काम पुढे पाठवण्याच्या थोडे आधी होते, कारण फार लवकर खरवडले तर कडा पुन्हा वाढायला वेळ मिळतो.

यासाठी साधारण १ सेंटिमीटर जाडीचे ग्राफाइटचे पाते वेगाने झोताच्या कडेतून फिरवतात. इतक्या पातळ पात्यात प्रोटॉन एका फटक्यात थांबत नाही. तो २३ मायक्रोसेकंदाला एक फेरी मारतो आणि अनेकदा पात्यातून गेल्यावरच कार्बनच्या अणुकेंद्रकावर आदळून नाहीसा होतो. पाते टप्प्याटप्प्याने आत सरकवत झोत किती घटतो हे मोजले, तर झोताचा आकारही कळतो. म्हणजे पाते तपासणीच्याही कामी येते.

मग पर्याय का तपासले?

पाते प्रत्येक वेळी हलते, त्यामुळे यंत्रणेची झीज होते. शिवाय चुकून ते झोताच्या मध्यात गेले, तर सगळा मारा एका पातळ तुकड्यावर येतो. झोताची तीव्रता वाढवायचे ठरल्यावर ही चिंताही वाढली. म्हणून दुसरी कल्पना पुढे आली : जाड शोषक ठोकळा जागेवरच ठेवायचा आणि चुंबकांच्या साह्याने झोतालाच क्षणभर त्याच्या कडेला न्यायचे. त्यात ठोकळा हलवावा लागत नाही आणि जाडीमुळे तो मारा अधिक सोसतो. मात्र किती खरवडले जाईल, हे चुंबकांना मिळणाऱ्या विद्युतप्रवाहाच्या आणि झोताच्या मार्गाच्या अचूकतेवर ठरते. हलते पाते सोडले, तर ही अचूकता सांभाळावी लागते.

मूल्यमापन कशावरून होते?

कडा किती साफ झाल्या, हा केवळ पहिला प्रश्न. काढलेले प्रोटॉन आणि त्यांच्या धडकेतून उडणारे कण कुठे पडतात, हा दुसरा. ते जवळच्या उपकरणांवर पडले, तर ती किरणोत्सारी होतात आणि दुरुस्तीसाठी माणसांना तिथे जाणे कठीण होते. यंत्रणा चुकलीच तर काय तुटेल, हा तिसरा. उत्तरांसाठी प्रोटॉनांचा मार्ग दाखवणारा ‘सिक्सट्रॅक’ आणि त्यांच्या धडकांचे गणित मांडणारा ‘फ्लुका’ हे संगणकीय कार्यक्रम एकमेकांना जोडून वापरले गेले. असे अंदाज प्रत्यक्ष झोतावरील मोजमापांशी ताडून पाहावे लागतात.

भारताचा संबंध काय?

भारत जानेवारी २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे. ज्या चुंबकांना गळतीपासून जपायचे, ते ज्या जॅकवर अचूक जागी बसवले आहेत, ते इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राने विकसित केले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ ‘सीएमएस’ प्रयोगात सहभागी आहेत. त्यांच्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रोटॉनांच्या टकरी एसपीएसमधून आलेल्या झोतातूनच होतात.