मुरलेला धातू आणि वेल्डिंगचा सांधा

फॅब्रिकेशनच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे, की अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचे वेल्डिंग कितीही कसबाने केले, तरी ओढून पाहता तुकडा सांध्याच्या शेजारीच का तुटतो. याचे उत्तर वेल्डरच्या हातापेक्षा धातूच्या पूर्वचरित्रात अधिक आहे.

१९०६ साली बर्लिनजवळच्या प्रयोगशाळेत आल्फ्रेड विल्म याने तांबे व किंचित मॅग्नेशियम मिसळलेले अ‍ॅल्युमिनियम तापवून पाण्यात विझविले, शनिवारी त्याचे काठिण्य मोजावयास घेतले, आणि अपुरे राहिलेले काम सोमवारी पुन्हा हाती धरले तेव्हा, मधल्या काळात कोणी स्पर्शही न केलेला तो तुकडा पुष्कळच कठीण झालेला आढळला. बरणीतले लोणचे आपल्याच वेळाने मुरावे, तसा तो धातू मुरला होता! तांब्याचे अणू स्फटिकात ठिकठिकाणी सूक्ष्म पुंजक्यांनी जमून थरांचे घसरणे अडवितात, हे गिनिए व प्रेस्टन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, दाखविले ते १९३८ साली. विल्म तोवर संशोधन सोडून शेतीकडे वळला होता. ज्याच्या या मुरणाऱ्या मिश्रधातूवर, म्हणजे ड्युरल्युमिनवर, विमानविद्या उभी राहिली, त्याचे स्मरण इतके थोडे व्हावे, याचा मला मनःपूर्वक विषाद वाटतो.

मॅग्नेशियम-सिलिकॉनयुक्त ६०६१ मिश्रधातूही असाच मुरवितात, आणि त्याची ताणशक्ती सुमारे ३१० मेगापास्कल भरते. परंतु वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्यालगतचे पुंजके विरघळतात वा फाजील वाढतात, आणि ते बळ पुष्कळदा दोनशेच्याही खाली उतरते. सांधलेला नग पुन्हा सुमारे ५३० अंशांवर तापवून, विझवून, १६० ते १७५ अंशांवर काही तास मुरविल्यास गेलेले बळ बरेचसे परत मिळते. मात्र भरणाची तार त्या उपचारास दाद देणारी हवी, शिवाय मोठा सांगाडा भट्टीत मावत नाही आणि विझविताना वाकतो, ही अडचण उरतेच.

१९९१ साली केंब्रिजजवळच्या वेल्डिंग संस्थेत धातू न वितळविता फिरत्या अवजाराने ढवळून सांधण्याची पद्धत निघाली. तिने वायूची छिद्रे टळतात हे निर्विवाद. परंतु तिला रामबाण म्हणणे मला मंजूर नाही, कारण तेथेही शेजारचा पट्टा उष्णतेने मऊ पडतो.

हे झाले सांध्याच्या बळाविषयी; पृष्ठभागाच्या झिजेचा मामला निराळा. त्यासाठी त्याच फिरत्या अवजाराने सिलिकॉन कार्बाइडची पूड पृष्ठभागात मिसळतात, किंवा कठीण अ‍ॅनोडायझिंगने ऑक्साइडचा सुमारे ५० मायक्रॉनचा थर चढवितात. दोन हजार अंशांहून अधिक तापमानावर वितळणारे जे ऑक्साइड वेल्डिंगपूर्वी घासून काढावे लागते, तेच येथे रक्षणकर्ते होते, हे केवढे नवल! मात्र खालचा पट्टा मऊच राहिला, तर भार पडताच थर त्याच्यासह दबून तडकतो. म्हणून भट्टीतला उपचार आधी उरकावा, कारण थर चढल्यावर नग तापविल्यास थरालाच बारीक भेगा पडतात.