‘खूप काही शिकायला मिळालं’

परीक्षा उरकल्या, निकाल अजून लागायचे आहेत आणि या मधल्या दिवसांत गिरगावात ठाकूरद्वारपासून प्रार्थना समाजापर्यंतच्या झेरॉक्सवाल्यांना दम खायला उसंत नाही. काउंटरवर स्पायरल बाइंडिंगचे गठ्ठे पडलेले. वरच्या पानांवर ‘ऑन जॉब ट्रेनिंग’, ‘फील्ड प्रोजेक्ट’, ‘कम्युनिटी एंगेजमेंट’ अशी नावं. आत काहीही असो, शेवटचं पान सगळ्यांचं एकच: या अभ्यासक्रमातून मी काय शिकलो, काय शिकले. त्या पानाचं पहिलं वाक्यही बहुतेकांचं एकच असतं. ‘या प्रकल्पातून मला खूप काही शिकायला मिळालं.’ काय मिळालं, ते पुढे येत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाची महाराष्ट्रातली पहिली तुकडी या उन्हाळ्यात तिसरं वर्ष संपवते आहे. म्हणजे स्वायत्त महाविद्यालयांतली. बाकीच्यांकडे धोरण वर्षभर उशिरा, 2024-25 मध्ये आलं, त्यामुळे त्यांची पाळी पुढच्या वर्षी. 120 ते 132 क्रेडिट गाठीला बांधून पदवी घ्यायची आणि बाहेर पडायचं, की चौथं वर्ष करून ‘ऑनर्स’ लावायचं, यावर घरोघर खल चालू आहे. फी किती, नोकरीत फरक पडेल का, परदेशी प्रवेशाला उपयोग होईल का, हा हिशेब वाचकांनी एव्हाना इतक्या वेळा वाचला आहे की तो पुन्हा मांडण्यात अर्थ नाही. मला कुतूहल आहे ते त्या शेवटच्या पानाचं. चौथं वर्ष करावं की नाही, याचं उत्तर खरं तर तिथेच सापडायला हवं. आपण तीन वर्षांत काय कमावलं, कुठे कच्चे राहिलो, कशात मन लागलं, हे ज्याला सांगता येतं त्याला निर्णयही घेता येतो. पण त्या पानावर उत्तर सोडून सगळं असतं.

हे पान आपल्याकडे आलं ते बऱ्याच लांबून. जॉन ड्यूई या अमेरिकी तत्त्वज्ञाच्या 1910 च्या ‘हाउ वी थिंक’ या पुस्तकापर्यंत त्याचं मूळ नेता येतं. पुढे 1983 साली डोनाल्ड शॉन यांनी दाखवलं की चांगला वास्तुविशारद किंवा डॉक्टर काम करता करताच स्वतःच्या कामाकडे वळून पाहत असतो. 1988 मध्ये ग्रॅहम गिब्ज यांनी त्याच्या सहा पायऱ्या केल्या: काय घडलं, काय वाटलं, बरं-वाईट काय होतं, त्याचा अर्थ काय, निष्कर्ष काय आणि पुढच्या वेळी काय करणार. ब्रिटनमधल्या नर्सिंगच्या शिक्षणात हे चक्र चांगलंच रुजलं. आपल्याकडे बी.एड. करणाऱ्यांना आत्मपरीक्षणाची अशी वही नवी नाही. आता ती बी.कॉम.च्या मुलांच्याही हातात आली, एवढंच.

कल्पना चांगलीच आहे. तिचा घात केला तो गुणांनी. समजा, एका मुलीने ऑन जॉब ट्रेनिंगचे 120 तास एखाद्या ऑफिसात नुसत्या फायली लावण्यात आणि एक्सेलमध्ये नावं भरण्यात घालवले. हे तिने जसंच्या तसं लिहावं का? वाचणार तिच्याच कॉलेजातले सर, सही करणार तेच ऑफिस, आणि चार क्रेडिट लटकलेली त्या सहीवर. मुलगी शहाणी असते. ती लिहिते, ‘मला टीमवर्कचं महत्त्व समजलं.’ आता तर तेवढेही कष्ट नकोत. चॅटजीपीटीला सांगितलं की ते संकोच, अडचण, धडपड आणि शेवटी आत्मविश्वास, असा सगळा प्रवास शुद्धलेखनाच्या चुकांशिवाय लिहून देतं. गिब्जच्या सहाही पायऱ्या बरोबर क्रमाने. मास्तरांना संशय येतो, पण पकडणार कसं? न घडलेल्या अनुभवाला उत्तरपत्रिका तपासण्याची कसोटी लागत नाही.

कॉलेजांनी तरी मुलांना दोष का द्यावा? कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या ‘नॅक’च्या मूल्यांकनात 2017 पासून विद्यार्थी समाधान पाहणी आहे. ती भरण्याच्या आठवड्यात वर्गावर्गांत कोणत्या सूचना दिल्या जातात, हे विद्यार्थ्यांनाच विचारून पाहावं. ज्या उत्तराचा कॉलेजच्या मूल्यांकनात वाटा असतो, ते उत्तर मोकळं कसं राहील?

आणि समजा, एखाद्याने अगदी प्रामाणिकपणे लिहायचं ठरवलं, तरी घोटाळा आहेच. आपण किती शिकलो याचा आपलाच अंदाज फसतो, आणि हे प्रयोगांनी वारंवार दाखवलं आहे. 2006 मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी एकदाच वाचून मग पुस्तक मिटून आठवेल तेवढं लिहून काढलं, तेही तीनदा. आपल्याला जास्त लक्षात राहील, असा भरवसा वारंवार वाचणाऱ्यांना होता. आठवड्याने पाहिलं तर त्यांना सुमारे 40 टक्के मजकूर आठवत होता आणि आठवून लिहिणाऱ्यांना 61 टक्के. हार्वर्डमध्ये 2019 साली भौतिकशास्त्राच्या वर्गांवर असाच प्रयोग झाला. उत्तम व्याख्यान नुसतं ऐकणाऱ्या मुलांना वाटलं, आपण खूप शिकलो. गटात बसून गणितांशी झटापट करणाऱ्यांना वाटलं, वेळ गेला. चाचणीत जास्त गुण झटापट करणाऱ्यांनाच. यातलं सगळ्यात अस्वस्थ करणारं उदाहरण अमेरिकेच्या हवाई दल अकादमीतलं आहे. तिथे विद्यार्थी कोणत्या प्राध्यापकाच्या वाट्याला येणार हे सोडतीसारखं ठरतं. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की ज्या प्राध्यापकांना विद्यार्थ्यांनी वाखाणलं, त्यांची मुलं त्या वर्षी चमकली आणि पुढच्या वरच्या अभ्यासक्रमात मागे पडली. अनुभवी मास्तरांचा गुण उशिरा लागला.

म्हणजे परीक्षा उरकल्या उरकल्या ‘तुला काय आलं?’ असं विचारणं हीच मुळात चुकीची वेळ. जे सोपं गेलं ते आलं असं वाटतं. जे खरोखर आत गेलं ते बऱ्याचदा त्या वेळी नकोसं झालेलं असतं.

आता गिरगावाकडे वळतो. कारण शिकून झाल्यावर त्या शिक्षणाकडे कसं पाहावं, याचे मुंबईतले जुने आणि माझ्या मते आजच्या फॉर्मपेक्षा पुष्कळ बरे नमुने याच परिसरात आहेत. 1848 च्या जूनमध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी प्राध्यापक पॅटन यांच्या साथीने ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली. तेव्हा मुंबई विद्यापीठ जन्माला यायचं होतं. ते आलं 1857 साली आणि रानडे, भांडारकर, वागळे, मोडक ही पहिली पदवीधर चौकडी 1862 साली बाहेर पडली. सोसायटीतली मुलं निबंध लिहायची आणि एकमेकांना वाचून दाखवायची. मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक मंडळी याच सोसायटीच्या शाखा. निबंधाला गुण नव्हते. होते ते समोर बसलेले बरोबरीचे मित्र, जे पोकळ वाक्य ऐकून गप्प राहणारे नव्हते. स्त्रीशिक्षणावर एक निबंध वाचला गेला आणि बोलणं ‘मग करायचं काय’ इथवर आलं. 1849 च्या अखेरीस या तरुणांनी मुलींच्या शाळा उघडल्या. दादाभाई नौरोजी आणि त्यांचे सोबती सुरुवातीला फुकट शिकवत, आपापली नोकरी सांभाळून. नाना शंकरशेटांनी मराठी मुलींच्या शाळेला गिरगावातली आपली जागा दिली. आम्ही काय शिकलो, हे त्या पिढीने लिहून दाखवलंच, शिवाय दुसऱ्याला शिकवून तपासलंही. आपल्याला खरंच काय येतं ते खडू हातात घेतल्यावर पाच मिनिटांत कळतं.

दुसरा नमुना गिरगावाबाहेरचा, एकट्या माणसाचा, आणि मला तो सर्वांत आवडतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे मॅट्रिक झाले 1882 साली, बी.ए. झाले 1890 साली. मधली आठ वर्षं! आजच्या धोरणात ‘मल्टिपल एंट्री, मल्टिपल एक्झिट’ म्हणून त्यांचं कौतुक झालं असतं. डेक्कन कॉलेजात असताना नेमलेल्या पुस्तकांपेक्षा ग्रंथालयातल्या पुस्तकांत त्यांचा जीव रमला: इतिहास, अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान, वनस्पतिशास्त्रसुद्धा. पदवीनंतर बऱ्याच वर्षांनी त्यांनी विजापूरकरांच्या ‘ग्रंथमाला’ मासिकात एक लांबलचक लेख लिहिला, ‘कनिष्ठ, मध्यम व उच्च शाळांतील स्वानुभव’. कॉलेज संपल्यावर स्वतःच्या शिक्षणाचा हिशेब मांडणारं इतकं रोखठोक मराठी लेखन दुसरं माझ्या पाहण्यात नाही. शाळांवर आणि मास्तरांवर त्यांनी जे कोरडे ओढले आहेत ते वाचून आजच्या एखाद्या प्राचार्यांनी थेट नोटीस काढली असती. मात्र राजवाडे कॉलेजवर राग काढून थांबत नाहीत. काय वाचलं, कसं वाचलं, वेळ कुठे फुकट गेला, याचा तपशील देतात. कॉलेजातून बाहेर पडल्यावर त्यांनी ‘भाषांतर’ हे मासिक काढलं आणि प्लेटोचं ‘रिपब्लिक’ मराठीत आणलं. मग आयुष्यभर गावोगाव दप्तरं धुंडाळत हिंडले. त्या माणसाला ‘कोर्स आउटकम’च्या रकान्यात एक ते पाचपैकी एका आकड्याभोवती गोल करायला सांगितलं असतं तर काय झालं असतं, याची कल्पना करून मी दोन दिवस हसतो आहे.

तिसरा नमुना चौपाटीचा. 1889 साली विल्सन कॉलेजची आजची इमारत चौपाटीसमोर उभी राहिली. त्याच वर्षी, 11 मार्चला, पंडिता रमाबाईंनी तिथून जवळच शारदा सदन उघडलं. सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी होती गोदूबाई जोशी, वयाची विशी ओलांडल्यावर शिकायला बसलेली. पुढच्याच वर्षी सदन पुण्याला गेलं. गोदूबाई 1893 साली धोंडो केशव कर्व्यांशी लग्न करून आनंदीबाई झाल्या, पुढे सगळ्यांच्या बाया. त्यांचं ‘माझे पुराण’ पुस्तकरूपाने आलं 1944 साली. म्हणजे शिक्षणानंतर पन्नासहून अधिक वर्षांनी आलेला हा अहवाल, आणि त्यात ‘खूप काही शिकायला मिळालं’ असली भाषा शोधून सापडणार नाही. माणसं आहेत, भांडणं आहेत, पोटापाण्याची फिकीर आहे. खुद्द कर्वे 1884 साली एल्फिन्स्टनमधून गणित घेऊन बी.ए. झाले, त्यांचं ‘आत्मवृत्त’ आलं 1915 मध्ये. मुरूडहून डोंगर तुडवत साताऱ्याला परीक्षेला गेलेला आणि लहान दिसतो म्हणून परत पाठवलेला तो मुलगा वाचकाच्या डोक्यातून जात नाही. बी.ए.च्या पेपरात काय आलं होतं, ते कोण विचारतो?

या तिघा-चौघांना एकत्र ठेवलं की माझा ग्रह पक्का होतो. यांतल्या कुणालाही लिहिण्याचे गुण मिळणार नव्हते. लिहायची घाईही कुणी केली नव्हती. आणि सोसायटीच्या मराठी-गुजराती शाखांपासून कर्व्यांपर्यंत सगळ्यांनी आपल्या घरच्या भाषेत लिहिलं. या शेवटच्या गोष्टीकडे तर कुणाचंच लक्ष नाही. मराठी घरातली मुलगी आपला आत्मपरीक्षणाचा अहवाल इंग्रजीत लिहिते, म्हणजे ज्या भाषेत ती रागावत नाही, हळहळत नाही, त्या भाषेत ती स्वतःचं मन उघडं करणार, अशी आपली अपेक्षा. तीच मुलगी संध्याकाळी आईशी बोलताना ट्रेनिंगचे 120 तास कसे गेले ते पाच मिनिटांत, नावागावासकट सांगते. तो खरा अहवाल. धोरणात मातृभाषेवर इतका भर आहे, तर निदान या एका पानाला तो लागू करायला हरकत नसावी.

गुण काढून टाकावेत, हे तर पहिलं. पान दिलं की काम झालं, एवढीच नोंद पुरे. प्रश्नही धूसर नको. ‘काय शिकलात’ याऐवजी ‘जूनमध्ये जमत नव्हतं आणि आता जमतं असं एक काम करून दाखवा’ असं म्हटलं तर चॅटजीपीटीची निम्मी मदत तिथेच संपते. आणि कॉलेजांना खरंच जाणून घ्यायचं असेल तर त्यांनी पाच वर्षांनी पुन्हा विचारावं. माजी विद्यार्थ्यांची यादी देणगी मागायला बरोबर सापडते. हे विचारायलाही सापडेल. यातलं काही होईल असं मला वाटत नाही, कारण पाच वर्षांनी आलेलं उत्तर कुठल्याच मूल्यांकनाच्या तक्त्यात बसत नाही.

तेव्हा ज्यांचं शेवटचं पान अजून लिहायचं आहे त्यांना एवढीच विनंती: कॉलेजला हवं ते कॉलेजला लिहून द्या, त्यावरून भांडत बसू नका. पण आणखी एक पान लिहा, पावसाळ्यात तुमच्या बाकावर येऊन बसणाऱ्या मुलांसाठी. कुठला मायनर विषय घेऊन वर्ष वाया गेलं, कुणाच्या तासाला पुढे बसावं, कुठल्या ऑफिसात ट्रेनिंगला नुसत्या फायली लावायला लागतात, ग्रंथालयातलं कुठलं पुस्तक कुणी काढत नाही पण काढायला हवं. नाव घालायचं नसेल तर घालू नका. मराठीत लिहा, आणि ते झेरॉक्स करून वाटा.